अवे रोटेशनचा निर्णय पदवी हाती येण्यापूर्वीच व्हावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयातून दरवर्षी काही मुले-मुली पदव्युत्तर प्रशिक्षणासाठी, म्हणजे रेसिडेन्सीसाठी, अमेरिकेची वाट धरतात. तिथले अर्ज सप्टेंबरमध्ये भरले जातात. त्यामुळे अशा घरांत चवथीच्या तयारीच्या दिवसांतच एक प्रश्न पुन्हा पुन्हा निघतो : अर्जापूर्वी तिथल्या एखाद्या रुग्णालयात महिनाभर काम करून यावे की नाही? अमेरिकेत याला अवे रोटेशन म्हणतात, आपली मुले इलेक्टिव्ह म्हणतात. मी गेली 28 वर्षे फोंड्यात दवाखाना चालवतो. माझा पुतण्या आणि माझी मुलगी, दोघेही या प्रश्नातून गेले. दोघांचे अनुभव इतके वेगळे निघाले की ते इतर पालकांपर्यंत पोहोचावेत, असे मनापासून वाटते.

मुळात ही पद्धत अमेरिकी विद्यार्थ्यांची आहे. शेवटच्या वर्षात आपले महाविद्यालय सोडून दुसऱ्या रुग्णालयात साधारण चार आठवडे काम करायचे, तिथल्या लोकांनी आपल्याला पारखायचे आणि आपण त्यांना. अस्थिरोग किंवा मेंदूची शस्त्रक्रिया अशा चुरशीच्या शाखांत तो महिना म्हणजे चार आठवडे चाललेली मुलाखतच असते. आपत्कालीन वैद्यकशास्त्रात तर अशा रोटेशनमधून ठरावीक नमुन्याचे मूल्यमापनपत्र मिळवावे लागते. उलट मेडिसिन, बालरोग, फॅमिली मेडिसिन या शाखांसाठी बाहेर जाण्याची सहसा गरज नाही, असे तिथले प्राध्यापक आपल्या विद्यार्थ्यांना सांगतात.

आपली मुले हाच सल्ला वाचतात आणि तसाच्या तसा स्वतःला लावून घेतात, आणि घोटाळा इथेच होतो. अमेरिकी विद्यार्थ्याला मेडिसिनसाठी बाहेर जावे लागत नाही, कारण त्याला शिफारसपत्र देणारे प्राध्यापक त्याच्याच रुग्णालयात असतात आणि निवड करणाऱ्यांना त्या पत्राची भाषा ओळखीची असते. बांबोळीच्या प्राध्यापकाने कितीही मनापासून लिहिले, तरी ते वाचणाऱ्याला इथली ओपीडी ठाऊक नसते, एका सकाळी इंटर्न किती रुग्ण पाहतो हेही ठाऊक नसते. त्यामुळे ज्या शाखेसाठी तिथल्या मुलाला रोटेशन अनावश्यक, नेमके त्याच शाखेसाठी आपल्या मुलाला ते मोलाचे ठरते. अस्थिरोगासारख्या शाखेत मात्र परदेशी पदवीधरांना मिळणाऱ्या जागा इतक्या थोड्या असतात की दोन-तीन रोटेशन करूनही हाती काही लागेल याचा भरवसा नसतो. शिवाय यूएसएमएलई या अमेरिकेतल्या वैद्यकीय परवाना परीक्षेच्या पहिल्या टप्प्याचा निकाल 26 जानेवारी 2022 पासून फक्त उत्तीर्ण-अनुत्तीर्ण असा लागतो. म्हणजे पूर्वी ज्या गुणांच्या बळावर आपले हुशार विद्यार्थी पुढे जात, तो आधार गेला आणि दुसऱ्या टप्प्याचे गुण व शिफारसपत्रे यांचे वजन वाढले. तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या दहांपैकी नऊंहून अधिक जणांना जागा मिळते, तर अमेरिकेचे नागरिक नसलेल्या परदेशी पदवीधरांपैकी दहांतल्या जेमतेम सहांना. या स्पर्धेत एखादे पोकळ पत्र घेऊन उतरणे परवडणारे नाही.

पोकळ पत्र म्हणजे काय, ते मी पुतण्याच्या बाबतीत पाहिले. त्याने पदवी घेतली आणि मग एका मध्यस्थामार्फत तीन महिन्यांचे पैसे भरले. ‘प्रत्यक्ष रुग्णसेवेचा अनुभव’ असे त्याला सांगण्यात आले होते. तिथे गेल्यावर कळले की पदवी झालेल्या परदेशी डॉक्टरला परवान्याशिवाय बहुतेक ठिकाणी फक्त बघता येते. त्याला ऑब्झर्व्हरशिप म्हणतात. रुग्णाला हात लावायचा नाही, नोंदी लिहायच्या नाहीत, राउंडच्या वेळी सर्वांच्या मागे उभे राहायचे. शेवटी पत्र मिळाले ते चार ओळींचे : हे डॉक्टर वेळेवर येत, सौम्य स्वभावाचे आहेत, त्यांना शुभेच्छा. लिहिणाऱ्याचा दोष नव्हता. त्याने या मुलाला काम करताना पाहिलेच नव्हते, तो आणखी काय लिहिणार? माझ्या भावाने त्या तीन महिन्यांसाठी ठेव मोडली होती.

मुलीने इंटर्नशिप चालू असताना, पदवी हाती येण्यापूर्वी, एकाच महिन्याची इलेक्टिव्ह केली. मेडिसिनच्या वॉर्डात तिला स्वतःचे रुग्ण मिळाले. एका वृद्ध गृहस्थांना चक्कर येऊन दाखल केले होते. घरच्यांनी दिलेली औषधांची यादी सर्वांनी वाचली होती. हिने त्यांच्या मुलीला घरातल्या सगळ्या बाटल्या पिशवीत घालून आणायला सांगितले आणि पलंगाशेजारच्या टेबलावर एकेक करून मांडल्या. रक्तदाबाचे एकच औषध दोन वेगवेगळ्या नावांनी दोन बाटल्यांत निघाले आणि आजोबा दोन्हींतून गोळ्या घेत होते. आमच्या दवाखान्यात प्रत्येक म्हातारा माणूस गोळ्यांची पिशवी घेऊनच येतो आणि लहानपणापासून ती हे पाहत आली आहे. तिच्या पत्रात ही पिशवी आली, तारखेसकट. पुतण्याच्या पत्रात नव्हते ते हेच.

विमान, राहणे आणि रुग्णालयाचे शुल्क धरून त्या महिन्याला आम्हाला सुमारे पाच लाख रुपये लागले. लहान रक्कम नव्हे. इंटर्नशिपमध्ये रजा पंधरा दिवसांचीच असल्याने जास्तीचे दिवस तिला पुढे भरून द्यावे लागले. तरीही आणखी एक महिना करावा, असा आग्रह मीच धरला होता. ती म्हणाली, “बाबा, दुसऱ्या पत्रात पहिल्यापेक्षा वेगळे काय असणार? तो महिना मला अभ्यासाला हवा.” दुसऱ्या टप्प्याची परीक्षा तोंडावर होती. तिचे बरोबर होते, आणि मी हट्ट सोडला याचे आज समाधान वाटते.

रुग्णालय निवडताना आणखी एक गोष्ट तिने आधी तपासली होती : तिथली रेसिडेन्सी व्हिसा लागणाऱ्या उमेदवारांना घेते का. जे घेतच नाहीत, तिथे महिना घालवला तर पत्र मिळते, पण ज्यांनी आपले काम पाहिले त्यांच्याकडेच अर्ज करता येत नाही. विद्यार्थ्याच्या बिनपगारी इलेक्टिव्हसाठी बी-1 व्हिसा चालतो. त्याच्या मुलाखतीला मुंबईच्या वकिलातीत जावे लागते, तेव्हा किमान आठ-दहा महिने आधी हालचाल सुरू करावी.

आता विनंती. आपल्या गोव्यातल्या वैद्यकीय शिक्षणाची परंपरा 1842 पासूनची आहे. साखळी-वाळपईचा माकडताप, पावसाळ्यातला लेप्टो, मांडूरच्या ग्रामीण केंद्रातले काम, हे सगळे पाहिलेल्या विद्यार्थ्याकडे सांगण्यासारखे पुष्कळ असते. त्याला इलेक्टिव्हसाठी लागतात ते अधिष्ठात्यांचे पत्र, लसीकरणाच्या नोंदी, दायित्व विमा (उपचारात चूक झाल्यास भरपाईसाठीचा) आणि रजेची लेखी मंजुरी. ज्यांच्या घरात कोणी डॉक्टर नाही, अशा काणकोण-पेडण्याच्या मुलांना हे कागद कोणाकडे मागावेत हेही कळत नाही, आणि मग मध्यस्थ गाठतात. महाविद्यालयाने यासाठी एक प्राध्यापक नेमावा, कागदांचे ठरलेले नमुने ठेवावेत आणि अंतिम वर्षाच्या सुरुवातीलाच विद्यार्थ्यांना बोलावून इलेक्टिव्ह व ऑब्झर्व्हरशिप यांतला फरक सांगावा. शासनाने गरजू विद्यार्थ्यांना एका महिन्यापुरते बिनव्याजी कर्ज देण्याचा विचार करावा.

तोवर माझ्या मुलीने त्या वर्षीचा सगळा पत्रव्यवहार एका फाइलमध्ये लावून ठेवला आहे. कोणाही विद्यार्थ्याला ती पाहायची असल्यास सायंकाळी सहानंतर दवाखान्यात यावे.

आपला,
एक वैद्यकीय व्यावसायिक व पालक
फोंडा, गोवा