गोशला निघण्याआधी

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या आर्मेनियाच्या सहलीचा आराखडा वाचला. दिलिजान गावाच्या दिवशी 'गोशावांक मठ' असं लिहून पुढे अर्धाच तास दिलाय. तेवढ्यात फोटो होतील, मठ कळायचा नाही. टूरवाल्याशी भांडावं लागलं तरी चालेल, पण दोन तास मागून घे. आणि देवळांच्या यादीतलं आणखी एक म्हणून तिथे जाऊ नकोस. हे मुळात शिकण्या-शिकवण्याचं ठिकाण.

गोश हे तावुश प्रांतातलं डोंगरगाव. ११८८ च्या भूकंपात जवळचा जुना गेतिक मठ कोसळला. तिथले आचार्य मखितार गोश यांनी नव्या जागी मठ बांधायला घेतला, राजपुत्र इवाने झाकारियान याच्या पाठबळावर. त्याला नोर गेतिक, म्हणजे नवा गेतिक, म्हणत. १२१३ मध्ये मखितार वारले. पुढे मठ आणि गाव दोन्ही त्यांच्याच नावाने ओळखली जाऊ लागली.

मखितारांचं मोठं काम दगडातलं नाही, कायद्याचं आहे. आर्मेनियन ख्रिस्ती लोकांकडे स्वतःची लेखी संहिता नव्हती, त्यामुळे तंटे मुसलमान न्यायालयांत जात. ते थांबवायला त्यांनी ११८४ मध्ये 'दातास्तानागिर्क' ही न्यायसंहिता लिहायला घेतली. ती इतकी टिकली की पोलंडात स्थायिक झालेल्या आर्मेनियन लोकांसाठी राजा पहिला झिगमुंट याने १५१९ मध्ये तिच्यावर आधारलेल्या कायद्याला मान्यता दिली. ज्यांनी संहिता लिहिली, ते गोष्टीही लिहीत: प्राणी-झाडांच्या छोट्या बोधकथा त्यांच्या नावावर आहेत.

आत शिरलास की आधी गावित लागेल, मुख्य चर्चला जोडलेला चौकोनी मंडप. चार खांब, आणि वर मधोमध उजेडासाठी मोकळी जागा. घाई करू नकोस, डोळे सरावायला दोन मिनिटं लागतात. तिथून पुढे मुख्य चर्च, सुर्ब आस्त्वात्सात्सिन (पवित्र देवमाता), ११९१ ते ११९६ मधलं. त्यात नक्षी कमी आहे. दगडांचे सांधे बघ.

या भिंतींची गंमत आतून आहे. बाहेरून आणि आतून घडीव दगडाचे पातळ थर, आणि मध्ये चुना नि खडीगोट्यांचा भराव. वजन भराव पेलतो. म्हणूनच छपराकडे लक्ष ठेवावं लागतं: दगडी फरश्यांच्या फटीत माती साचते, गवत उगवतं, मुळं सांधे उघडतात, पाणी मुरतं आणि चुना हळूहळू वाहून जातो. बाहेरून भिंत धडधाकट दिसते आणि एके दिवशी दर्शनी दगड सुटून पडतो. दुरुस्तीत सिमेंट वापरलं तर आणखी वाईट, ओल आत कोंडते. तावुशचं हवामान दमट असल्याने हा त्रास तिथे जास्तच. कुठे ताजा करडा, म्हणजे सिमेंटचा, सांधा दिसला तर लक्षात ठेव.

आता मुख्य गोष्ट. सुर्ब ग्रिगोर लुसावोरिच या १२३७ च्या छोट्या नक्षीदार चॅपलच्या दाराशी एक खाचकार उभा आहे: पोघोस नावाच्या कारागिराने १२९१ मध्ये कोरलेली क्रूसशिळा. मध्ये ढालीसारख्या वर्तुळावर क्रूस, कोपऱ्यांत अष्टकोनी तारे, आणि कोरीव काम एकावर एक थरांत, जाळीसारखं. नक्षीची पुनरावृत्ती फक्त चौकटीत आहे, बाकी भागात नाही. खाचकारांची तोंडं बहुधा पश्चिमेला असतात, म्हणजे समोर उभा राहणारा पूर्वेकडे बघतो. म्हणून दुपार टळल्यावर जा. तिरप्या उन्हात खोली दिसते. सकाळी सगळं सपाट वाटतं. फ्लॅश मारलास तर थर नाहीसेच होतात.

शिलालेखांतली वर्षं वाचायची युक्ती सांगतो. अक्षरंच आकडे आहेत. 'चा' म्हणजे ७००, 'खे' म्हणजे ४०, बेरीज ७४०, हे आर्मेनियन सनातलं वर्ष. त्यात ५५१ मिळव की इसवी सन: १२९१. आपण शकात ७८ मिळवतो तसंच. ती दोन अक्षरं फोनमध्ये आधीच ठेव, बाकी अक्षरांचा तक्ताही.

ग्रंथालय चुकवू नकोस. हस्तलिखितांसाठी भिंतीत कोनाडे आहेत, आणि त्याच इमारतीवर १२९१ मध्ये घंटाघराचं चर्च चढवलेलं. भिंतीतून बाहेर काढलेल्या अरुंद दगडी पायऱ्या दिसतील, कठडा नाही. ओल्या दिवशी चढू नकोस. इथल्या विद्यापरंपरेची, मठाच्या स्थापनेची हकिगत तेराव्या शतकातल्या किराकोस गांद्झाकेत्सी या इतिहासकाराने लिहून ठेवली आहे, तो स्वतः मंगोलांच्या कैदेत सापडला होता.

शिष्टाचार थोडेच. मेणबत्ती लावायची तर वाळूच्या तबकात, खाचकारावर किंवा कोनाड्यात नाही; काजळी आणि मेण दगडातून निघत नाही. बाहेर पडताना लोक वेदीकडे पाठ न करता उलटे चालतात, तूही तसंच कर. सुटे द्राम (तिथलं चलन) जवळ ठेव. मखितारांची छोटी समाधी मठापासून थोडी दूर आहे. वेळ उरला तरच.

निघण्याआधी मुंबईत फोर्टातलं १७९६ चं सेंट पीटर आर्मेनियन चर्च बाहेरून तरी बघून घे, इथवर आलेल्या व्यापाऱ्यांचं ते. आणि येरेवानला परतल्यावर इतिहास संग्रहालयात जा. पोघोसचा आणखी एक खाचकार तिथे आहे, पावसापासून सुरक्षित. गोशच्या शिळेवर जे झिजलंय, ते तिथे ताडून बघता येईल.

तुझा,
अविनाश