आधी गेज, मग बटण

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला डॅशबोर्डचा फोटो पाहिला. मागच्या उजव्या चाकात हवेचा दाब 22 पीएसआय (हे दाबाचं एकक) दाखवतोय, पिवळा दिवा लागलाय, तू त्यात हवा भरलीस, थोडी फिरूनही आलीस आणि आकडा काही केल्या हलेना. सेन्सर गेला असं तुझं म्हणणं. मला तसं वाटत नाही. पुढची चाकं मागे आणि मागची पुढे घेतलीस ना, त्याचाच हा घोळ आहे.

तुझ्या गाडीच्या प्रत्येक चाकात, व्हॉल्व्हच्या आतल्या टोकाला, एक छोटा सेन्सर असतो. तो टायरमधला दाब मोजून रेडिओ लहरींवरून गाडीला कळवतो आणि सोबत स्वतःचा क्रमांक पाठवतो. मी अमुक बाजूचा आहे, असं तो सांगत नाही. कुठला क्रमांक कुठल्या जागी, ही यादी गाडीकडे असते, आणि चाकांच्या जागा बदलल्या तरी ती यादी जुनीच राहिली. म्हणजे 22 वालं चाक आता पुढे उजवीकडे आहे, आणि तू हवा भरलीस ती दुसऱ्याच चाकात. फोटोत पुढच्या उजव्या चाकाचा आकडा बघ: 38. ती तुझी हवा!

डाव्या बाजूचं मला जास्त खटकतं. तिथे पुढे 33, मागे 30 दिसतंय, म्हणजे दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर आहे तसंच. म्हणून तू तिकडे लक्ष दिलं नाहीस. पण प्रत्यक्षात ते उलट आहेत, पुढे 30 आणि मागे 33. पुढचा-मागचा दाब वेगळा असलेल्या गाडीत चाकांच्या जागा बदलल्या की हवाही जागेप्रमाणे पुन्हा लावावी लागते, हे गॅरेजवालेसुद्धा कधीकधी विसरतात.

तर आता स्क्रीनकडे बघूच नकोस. हवेचा दाब मोजायचा हातातला गेज घे. गाडी निदान तीन तास उभी असली पाहिजे, कारण चालून आलेल्या टायरमध्ये हवा तापून आकडा वाढलेला असतो. पुढच्या दोन्हींत 33, मागच्या दोन्हींत 30 कर. टायरच्या अंगावर छापलेला मोठा आकडा बघून भरू नकोस, ती कमाल मर्यादा असते. पुढचं उजवं दुसऱ्या दिवशी पुन्हा मोज. उतरलं असेल तर पंक्चर आहे, आणि ते काढेपर्यंत लांबचा प्रवास नको.

हवा बरोबर झाली की मग यादी बदलायची. काही गाड्या चालवता चालवता आपोआप शिकतात, दहा-वीस मिनिटं बऱ्यापैकी वेगात चालवल्या की झालं. काहींना मेन्यूतून शिकण्याच्या अवस्थेत न्यावं लागतं. मग प्रत्येक चाकाच्या व्हॉल्व्हजवळ एक छोटं यंत्र धरायचं. अशा बऱ्याच गाड्यांत क्रम पुढचं डावं, पुढचं उजवं, मागचं उजवं, मागचं डावं असा असतो, आणि एकेक चाक ओळखलं की हॉर्न वाजतो. काहींना मात्र गॅरेजचा स्कॅनर जोडल्याशिवाय गत्यंतर नाही. तुझ्या गाडीची रीत ग्लव्ह बॉक्समधल्या पुस्तकात आहे, ते उघड. दुसऱ्याच मॉडेलचे व्हिडिओ बघून बटणं दाबत बसू नकोस.

जमलं की नाही ते तपासायचं असेल तर पुढच्या डाव्या चाकात तीनेक पीएसआय जास्त भर आणि जरा फिरून ये (गाडी उभी असताना सेन्सर जवळजवळ झोपलेले असतात). स्क्रीनवर त्याच जागचा आकडा वाढला तर यादी बरोबर. मग टायर थंड झाल्यावर जादाची हवा सोडून दे.

दादालाही सांग, कारण त्याची गाडी वेगळी आहे. तिच्या चाकांत सेन्सरच नाहीत. हवा कमी झाली की चाकाचा घेर जरासा घटतो आणि तेवढ्याच अंतरात ते थोडं जास्त फिरतं. ब्रेक लावताना चाकं जाम होऊ न देणारी एबीएसची यंत्रणा हा फरक पकडते. तिथे दिव्याचं रीसेट बटण दाबणं म्हणजे ‘आत्ता आहे तेच बरोबर’ असं गाडीला सांगणं. एक चाक बसलेलं असताना दाबलं, तर बसलेलं चाकच ती प्रमाण मानणार. आणि हा पठ्ठ्या दिवा लागला की आधी बटण दाबतो! बटणाने हवा भरली जात नाही, एवढं त्याच्या डोक्यात घाल.

आणखी एक. गाडी सुरू केल्यावर दिवा मिनिटभर लुकलुकून मग लागून राहिला, तर ती हवेची तक्रार नसते, यंत्रणेतला बिघाड असतो. पुष्कळदा सेन्सरची बॅटरी संपलेली असते. ती साधारण पाच ते दहा वर्षं चालते, आणि बहुतेक सेन्सरांत बदलता येत नाही, अख्खा सेन्सरच नवा घ्यावा लागतो. तुझा दिवा लुकलुकत नाहीये, म्हणून तर मी निवांत आहे.

दिवा लागला नाही म्हणून हवा ठीक, असंही धरू नकोस. अमेरिकेच्या नियमात तो ठरलेल्या दाबापेक्षा 25 टक्के कमी झाल्यावर लागला तरी चालतो. म्हणजे 32 चं टायर 24 वर येईपर्यंत गाडी गप्प राहू शकते. थंडी पडली की तापमानाच्या दर पाच-सहा अंशांमागे एक पीएसआय तसाही उतरतो. महिन्यातून एकदा गेज लावत जा.

तुझी,
आई

ता.क. चाकांचे नट शंभरेक किलोमीटर झाल्यावर पान्याने पुन्हा एकदा तपास.