एकच पान, तीन माध्यमं

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. डिझाइनचा प्रकल्प द्यायला सहा आठवडे उरलेत, जमवलेल्या चित्रांचा फोल्डर तुडुंब भरलाय आणि तरी हात चालत नाहीये, असं लिहिलं आहेस. तो फोल्डर सध्या बंद ठेव. त्यातलं प्रत्येक चित्र म्हणजे कुणाच्या तरी प्रश्नाचं तयार उत्तर आहे. त्याची ढब उचलता येते, पण ते काढणारा तिथवर कसा पोचला ते त्यात दिसत नाही. तू एकच वस्तू घे आणि तीच ओळीने तीन माध्यमांतून ने: पेन्सिल, सायनोटाईप (उन्हाने कागदावर उमटणारा निळा छाप), लिनोकट (लिनोलियमचा तुकडा कोरून, शाई लावून काढलेला छाप). प्रत्येक माध्यम त्या वस्तूतलं काहीतरी गाळायला लावतं. काय गाळायचं हे ठरवता ठरवता डिझाइन आपोआप पुढे सरकतं.

वस्तू म्हणून नेच्याचं, म्हणजे फर्नचं, पान सुचवतो. ते चपटं असतं, त्यामुळे सायनोटाईपला उत्तम. शिवाय त्याची रचना श्रीमंत आहे: पूर्ण पानाचा जो आकार, साधारण तोच उपपर्णांचा (मधल्या देठाला दोन्हीकडे लागलेल्या छोट्या पानांचा), आणि कित्येक जातींत त्यांच्याही तुकड्यांचा. टोकाकडे उपपर्णं आखूड होत इतकी जवळ येतात की शेवटी एकमेकांत मिसळून जातात. पान उलटं कर. मागे तपकिरी ठिपके दिसतील, ते बीजाणूंचे पुंजके. काही जातींत ते गोल असतात, काहींत तिरप्या रेघा. नक्षीचा अर्धा मसाला तिथेच आहे.

पहिला आठवडा फक्त पेन्सिल. वीस चित्रं काढ. पहिली पाच मूळ आकारात, प्रत्येकी दहा मिनिटं, खोडरबर न वापरता. पुढची पाच भिंगातून, एकाच उपपर्णाची, पूर्ण कागदभर मोठी. मग पाच चित्रांत पान काढायचंच नाही, उपपर्णांमधल्या रिकाम्या जागा काढायच्या. शेवटची पाच पान बाजूला ठेवून, आठवणीतून. ही शेवटची सर्वांत महत्त्वाची, कारण डोळ्याने खरोखर काय धरून ठेवलं ते त्यांत उतरतं. बहुतेकांचं चुकतं ते इथे: उपपर्णं देठाच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर काढली जातात. खऱ्या पानावर ती बऱ्याचदा थोडी पुढेमागे असतात, आणि तेवढ्या फरकानेच त्या पानाला चाल येते.

या कामासाठी कार्ल ब्लॉसफेल्टचे फोटो नक्की बघ. तो बर्लिनच्या कलाशाळेत शिकवायचा आणि विद्यार्थ्यांना आकार दाखवता यावेत म्हणून त्याने वर्षानुवर्षं देठ, कळ्या, कोंब यांचे फोटो काढले, काही मूळ आकाराच्या तीसपट मोठे. मागे साधा कागद, मऊ प्रकाश, बाकी काही नाही. ते १९२८ साली पुस्तकरूपाने बाहेर आले तेव्हा त्याने साठी ओलांडली होती. त्यातला नेच्याचा गुंडाळलेला कोंब लोखंडी जाळीच्या वेलबुट्टीसारखा दिसतो. दुसरं उदाहरण वास्तुकार रने बिने याचं. १९०० सालच्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनाचं भव्य प्रवेशद्वार त्याने जीवशास्त्रज्ञ एर्न्स्ट हेकेलने चितारलेल्या रेडिओलारिया या सूक्ष्म समुद्री जीवांवरून रचलं. उघड्या डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या सांगाड्याची कमान झाली. प्रेरणेचा असा माग काढता येणारं काम बघत जा, त्यातून शिकायला मिळतं.

आता सायनोटाईप. इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेलने ही रीत १८४२ साली शोधली आणि पुढच्याच वर्षी वनस्पतींची अभ्यासक ॲना ॲटकिन्सने ती समुद्री शेवाळांच्या नोंदींसाठी वापरायला घेतली. कॅमेरा लागत नाही. दोन द्रावणं कर. पहिलं: हिरवं फेरिक अमोनियम सायट्रेट २५ ग्रॅम, पाणी १०० मिली. दुसरं: पोटॅशियम फेरीसायनाइड १० ग्रॅम, पाणी १०० मिली. दोन्ही वेगवेगळ्या गडद बाटल्यांत ठेव. पहिल्यावर काही दिवसांनी बुरशी येते, ती गाळून टाकली तर द्रावण चालतं. लेप द्यायच्या वेळी दोन्ही सारख्या मापाने एकत्र कर, आणि त्या दिवशी लागेल तेवढंच कर. हातमोजे घाल, स्वयंपाकाची भांडी वापरू नकोस, आणि फेरीसायनाइड तीव्र आम्लाच्या जवळपासही नेऊ नकोस, त्यातून विषारी वायू सुटतो.

कागद सुती लगद्याचा, २०० ते ३०० जीएसएम (एका चौरस मीटरचं वजन ग्रॅममध्ये), आणि ज्यात कॅल्शियम कार्बोनेट घातलेलं नाही असा घे. बरेच चांगले कागद पिवळे पडू नयेत म्हणून त्यांत ते मुद्दाम घातलेलं असतं. पण ते अल्कलीधर्मी असतं, या निळ्या रंगाला अल्कली सोसत नाही आणि छाप फिका पडतो. ब्रश स्पंजाचा घे, धातूची पट्टी असलेल्या ब्रशाने लेपात निळे डाग पडू शकतात. आधी आडवा, लगेच उभा हात फिरव, थारोळी राहू देऊ नकोस. पिवळ्या मंद बल्बच्या उजेडात काम चालतं. वाळवणं मात्र पूर्ण अंधारात, आणि लेप हाताला अगदी कोरडा लागेपर्यंत.

पान आदल्या दोन-तीन दिवसांत जाड पुस्तकात दाबून वाळव. ओलं पान ठेवलंस तर त्याच्या पाण्याने लेप विरघळून कडेने ओघळ येतात. बीजाणू पिकलेले असतील तर तपकिरी भुकटी झडते. ती आधी झटकून घे, नाहीतर प्रत्येक कण छापात पांढरा ठिपका होऊन बसतो. (अर्थात तो ठिपका तुला आवडला तर मुद्दाम राहू दे.) खाली पुठ्ठा, त्यावर कागद, पान, वर काच, आणि चारही बाजूंनी चिमटे. काच घट्ट बसली नाही तर जिथे पान उचललं जातं तिथे कड धूसर येते.

भर उन्हात पाच ते पंधरा मिनिटं लागतात, पण घड्याळापेक्षा रंगावर विश्वास ठेव. लेप आधी पिवळट हिरवा असतो, मग निळा होतो आणि शेवटी त्यावर राखाडी, काशासारखी छटा येते. ती आली की आत ने. वाहत्या पाण्यात पाच-दहा मिनिटं धू, पांढऱ्या भागातला पिवळेपणा पुरता जाईपर्यंत. शेवटच्या पाण्यात हायड्रोजन पेरॉक्साइडचं एक झाकण टाकलंस तर निळा क्षणात गडद होतो. न टाकता वाळवलंस तर तोच रंग दिवसभरात चढतो.

बिघाड ओळखायला सोपे आहेत. धुताना सगळा निळा वाहून गेला तर ऊन कमी पडलं. पांढरा भाग निळसर राहिला तर लेपाला आधीच कुठूनतरी उजेड लागला होता, किंवा लेप दिलेला कागद फार दिवस पडून राहिला. दुसऱ्या दिवशी छाप फिका दिसला तर कागदावर किंवा पाण्यावर संशय घे. प्रत्येक छापाच्या मागे पेन्सिलीने वेळ, ऊन कसं होतं आणि कागद कोणता ते लिही. बिघडलेले छापही फेकू नकोस, मांडणीच्या वेळी तेच लागतील.

या कागदात जो रंग तयार होतो तो प्रशियन ब्लू. जपानी चित्रकार होकुसाईच्या प्रसिद्ध लाटेच्या चित्रात १८३१च्या सुमारास वापरला गेला तोच. ती लाट समोर ठेव आणि मोज, किती थोड्या निळ्या छटांत एवढा समुद्र उभा राहिलाय. तुझ्या प्रकल्पाची रंगसंगती मला तिथेच सापडल्यासारखी वाटते: कागदाचा पांढरा, एक फिका निळा, एक गडद. चौथा रंग घेण्याआधी हे तीन पुरते वापरून झालेत का ते बघ. चित्रकार जोसेफ आल्बर्स १९५० पासून १९७६ साली मृत्यू येईपर्यंत चौकोनात चौकोन एवढ्याच मांडणीवर रंग तपासत राहिला, तेव्हा तीन रंग कमी नाहीत. रंगांची चाचणी रंगवून करू नकोस. रंगीत कागदाचे तुकडे कापून शेजारी-शेजारी ठेव, म्हणजे हलवून बघता येतं.

तिसरा टप्पा लिनोचा, आणि लिनो कापण्याआधी नक्षीची फरशी, म्हणजे शेजारी-शेजारी पुन्हापुन्हा लावायचा एक तुकडा, तयार हवी. १५ सेंटिमीटरचा चौकोन घे. मधोमध पान काढ, कडांना कुठेही स्पर्श करू नकोस. चौकोन उभा कापून डावा-उजवा भाग अदलाबदल कर आणि मागून चिकटपट्टी लाव. मग आडवा काप, वरचा खाली, खालचा वर. मूळ कडा आता मध्ये आल्या आणि मध्यभाग रिकामा झाला. तो भर, पुन्हा कडा न शिवता. आता या फरशीच्या कितीही प्रती शेजारी लावल्या तरी सांधा दिसणार नाही. मात्र कमीत कमी नऊ प्रती, तीन गुणिले तीन, भिंतीवर लावून लांबून डोळे किलकिले करून बघ. एका फरशीत न दिसलेल्या रिकाम्या गल्ल्या तिथे नक्षीतून सरळ पळताना दिसतात. एखादं उपपर्ण त्या गल्लीत वाकवलं की ती बुजते.  नक्षी सपाटीवर दोन्ही दिशांनी पुन्हापुन्हा मांडायच्या मूळ रीती सतराच आहेत, हे रशियन स्फटिकशास्त्रज्ञ फेदोरोव्हने १८९१ साली सिद्ध केलं. नवी रीत शोधत बसायची गरज नाही, या सतरांतल्या चार-पाच लावून बघितल्या तरी फरक कळेल.

लिनो थंड असला की कडक होतो आणि हत्यार घसरतं. दहा मिनिटं उन्हात ठेव, लोण्यासारखा कापला जातो. धरणारा हात कायम पात्याच्या मागे. बारीक रेघांना व्ही पातं, मोकळ्या जागांना यू पातं. वळण घेताना हत्यार स्थिर ठेवून लिनोच फिरव. छाप उलटा येतो. पानाचं त्याने काही बिघडत नाही, पण अक्षरं घालणार असशील तर आरशातली घाल.

शाईच्या बाबतीत कान वापर. रोलर काचेवर फिरताना बारीक, एकसारखी चरचर यायला हवी. चिकट पचपच ऐकू आली तर शाई जास्त आहे आणि बारीक रेघा बुजणार. कमी असेल तर छापावर मीठ सांडल्यासारखे पांढरे कण दिसतात. प्रेस नसेल तर पातळ कागद घे, शंभर जीएसएमच्या आतला, आणि लाकडी चमच्याच्या पाठीने मधून कडांकडे घास. एक कोपरा उचलून बघ, फिका असेल तर परत टेकवून घास.

फिका आणि गडद निळा एकाच ठोकळ्यातून काढता येतात. पिकासोने १९५९च्या सुमारास ही रीत फार ताकदीने वापरली: आधी फिका रंग छापायचा, मग तोच लिनो आणखी कापून त्यावर गडद. मागे फिरता येत नाही, पहिला ठोकळा संपलेला असतो. म्हणून पहिल्या रंगाच्या प्रती हव्या त्यापेक्षा तिसरा हिस्सा जास्त काढ. दहा हव्यात तर चौदा. कागद दर वेळी त्याच जागी बसावा यासाठी जाड पुठ्ठ्याच्या पट्ट्यांचे दोन काटकोन एकात एक चिकटव, आतल्यात लिनो अडकेल, बाहेरच्यात कागद. पहिली शाई पूर्ण वाळल्याशिवाय दुसरी चढवू नकोस.

मांडणीसाठी वेगळा बोर्ड बनवू नकोस. सगळ्याची वहीच शिव: चार-चार ताव एकत्र दुमडून जुज (पानांचा गठ्ठा) कर, मणक्यात पाच भोकं पाड, मेण लावलेला दोरा. कागदाची वीण, म्हणजे त्यातल्या तंतूंची दिशा, मणक्याला समांतर राहील एवढं बघ, आडवी गेली तर वही उघडी राहत नाही आणि पानं लाटेसारखी फुगतात. पेन्सिलची वीस चित्रं, बिघडलेले निळे छाप, कापलेली फरशी आणि शेवटचा लिनो त्यात ओळीने लाव.

पान आजच दाबायला ठेव. ते वाळेपर्यंत दुसऱ्या ताज्या पानावरून चित्रं सुरू कर, आणि आठवणीतून काढलेली पाच मला आधी पाठव.

तुझा
मित्र