माणसांच्या मागची गल्ली आम्हाला हवी आहे

सप्टेंबर १९३१ मध्ये गांधीजी इंग्लंडमधल्या लँकेशायर काउंटीत डार्वेनला आले होते. गिरणीकामगार बायकांच्या गराड्यातला त्यांचा फोटो आजही सहज पाहायला मिळतो. पण १९६६ सालच्या एखाद्या साध्या मंगळवारी बर्नलीच्या किंवा नेल्सनच्या गल्लीत कुठली दुकानं उघडी होती, हे दाखवणारे फोटो शोधायला गेलं की हाताला फारसं काही लागत नाही. पूर्व लँकेशायरमधलं आमचं मराठी मंडळ इथल्या इतिहासप्रेमींच्या जोडीने रस्ते, दुकानं, गिरण्या आणि रेल्वे यांचे जुने फोटो गोळा करत आहे. त्यातले बरेच आपल्याच लोकांच्या माळ्यावर पडून आहेत, अशी आमची खात्री आहे.

साठच्या दशकात आपले डॉक्टर आणि कापडतंत्रज्ञ इकडे आले ते नेमके मोडतोडीच्या काळात. १९५९ च्या कायद्याने माग आणि चात्या भंगारात काढायला सरकारी पैसे मिळू लागले होते. गिरण्या एकामागून एक बंद होत होत्या, घरांच्या रांगाच्या रांगा पाडल्या जात होत्या. ब्रिटिश रेल्वेची वाफेची इंजिनं ऑगस्ट १९६८ पर्यंत धावली, आणि त्यांच्या शेवटच्या तीन शेड कार्नफर्थ, लॉस्टॉक हॉल आणि बर्नलीची रोझ ग्रोव्ह, तिन्ही याच काउंटीतल्या. घरी पाठवायला म्हणून काढलेल्या फोटोंत हे सगळं नकळत आलं आहे.

म्हणून ‘आमच्याकडे फक्त घरचेच फोटो आहेत’ असं म्हणून थांबू नका. साडीवर ओव्हरकोट घालून दारात उभ्या असलेल्या काकूंच्या मागे खाटकाच्या दुकानाची पाटी असते. काचेवरचे भाव शिलिंगात असतील, तर फोटो बहुधा फेब्रुवारी १९७१ च्या, म्हणजे दशमान नाणी येण्याच्या, आधीचा. तेव्हा नंबराचं शेवटचं अक्षर वर्ष सांगायचं: शेजारच्या मोटारीच्या नंबराच्या शेवटी एफ असेल, तर तो बहुधा ऑगस्ट १९६७ च्या आधीचा नाही. मागे धुराडं असेल आणि त्यावर पांढऱ्या विटांत गिरणीचं नाव असेल, तर जुन्या नकाशावर गल्लीसुद्धा सापडते. हललेले, डोकं कापलेले, उन्हाने पांढरे पडलेले फोटोही द्या. निवड आम्हाला करू द्या. घरी निवडताना नेमके कामाचे बाद होतात.

महाराष्ट्रातल्या नातेवाइकांनाही विचारा. इथून पाठवलेल्या प्रती पुणे, सांगली, सोलापूरच्या घरांत टिकल्या आहेत आणि इथल्या हरवल्या आहेत, असं होऊ शकतं. मुंबईच्या गिरण्यांत ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सची आणि ॲक्रिंग्टनच्या हॉवर्ड अँड बुलोची यंत्रं होती. त्या कारखान्यांत शिकायला आलेल्यांचे गटफोटो तर हवेच आहेत. ओल्डहॅम, बोल्टन, रॉचडेल १ एप्रिल १९७४ पासून ग्रेटर मँचेस्टर या नव्या काउंटीत गेली, पण आमच्या यादीत ती लँकेशायरमध्येच आहेत.

आता देण्याआधीची काळजी. चिकट पानांच्या आल्बममधून फोटो उचकटू नका, कागदाचा पापुद्रा सुटून मागचा मजकूर जातो. अख्खा आल्बम आणा, आम्ही पानासकट स्कॅन करू. सेलोटेप, लॅमिनेशन, बॉलपेन तिन्ही वर्ज्य. नाव लिहायचंच असेल तर मागे, कडेला, मऊ पेन्सिलने. मागचा मराठी मजकूर खोडू नका. ‘बर्फ, मार्च ६७’ एवढ्यावरही तारीख लागते. स्लाइडच्या डब्यातला क्रम बदलू नका.

काचेच्या निगेटिव्ह सापडल्या तर आडव्या रचू नका, वजनाने खालची तडकते. लांब कडेवर उभ्या ठेवा, मध्ये साधा कागद घाला, धरताना फक्त कडा धरा. निस्तेज बाजू चित्राची, तिला पाणी किंवा ओला कपडा लावायचा नाही. आंबूस, व्हिनेगरसारखा वास मारणारी फिल्म वेगळ्या कागदी पाकिटात ठेवा, प्लास्टिकमध्ये कोंडू नका. पिवळी पडलेली, चिकट झालेली जुनी फिल्म नायट्रेटची असू शकते आणि ती सहज पेट घेते. ती टपालाने पाठवू नका, आधी निरोप द्या.

प्रिंट आम्ही ६०० पीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करतो, स्लाइड ४००० ला, काचेची पाव प्लेट (साधारण सव्वातीन बाय सव्वाचार इंचांची निगेटिव्ह) १२०० ला. सगळं टिफमध्ये (तपशील न गमावणारा फाइलचा प्रकार), पाव प्लेटची एक फाइल साधारण ४० एमबीची होते. प्लेटची चकचकीत बाजू स्कॅनरच्या काचेला थेट टेकली की चित्रावर इंद्रधनुषी वलयं उठतात, म्हणून कागदी चौकट घालून ती किंचित उचलावी लागते. मोबाइलवर काढलेली नक्कल चालत नाही, पाटीवरची बारीक अक्षरं तिथेच हरवतात.

हक्कांचं एकदा स्पष्ट करतो. प्रिंट तुमच्याकडे असली म्हणून हक्क तुमचे होतातच असं नाही. इथे साधारणपणे फोटो काढणाऱ्याच्या हयातीपर्यंत आणि नंतर ७० वर्षं ते राहतात. तेव्हा फोटो कोणी काढला, हे अर्जावर लिहा. दुकानातून काढून घेतलेला असेल तर तसं लिहा. मूळ फोटो स्कॅन होताच परत मिळतील. कायमचे द्यायचे असतील तर प्रेस्टनच्या लँकेशायर अर्काइव्ह्जकडे विचारून पाहू. ते सगळंच घेतील असं मात्र नाही.

पैशांपेक्षा सध्या वस्तू हव्या आहेत: निगेटिव्ह स्कॅन करणारा एक फ्लॅटबेड स्कॅनर, ४ टीबीच्या दोन हार्ड डिस्क (एक प्रत दुसऱ्या घरी ठेवायची आहे), काचेच्या प्लेटसाठी चारही बाजूंनी दुमडून बंद होणारी ४०० आम्लरहित पाकिटं, आणि पॉलिएस्टरच्या पिशव्या. पीव्हीसीच्या नकोत, त्यातून निघणारी द्रव्यं फोटो खराब करतात. आणि माणसं हवीत: जुनं मराठी हस्ताक्षर वाचणारी, तसंच १९७५ पूर्वी या गावांत राहिलेली, जी एका नजरेत ‘ही पोस्टामागची गल्ली’ असं सांगू शकतील. आठवड्याला दोन तास पुरेत. नाव, गाव आणि घरात काय आहे एवढं मंडळाच्या चिटणीसांना कळवा; ज्येष्ठांकडे आम्हीच स्कॅनर घेऊन येऊ.