विमानतळ शुल्कातला भाजक तपासा

मा. संपादक,

नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ रोजी विमानसेवा सुरू झाली आणि तिकिटातील वापरकर्ता विकास शुल्काचा, म्हणजे विमानतळाच्या खर्चापोटी प्रवाशाकडून घेतल्या जाणाऱ्या रकमेचा, विषय पुन्हा चर्चेत आला. देशांतर्गत प्रवासासाठी मुंबईहून निघणाऱ्याकडून १७५ रुपये, तर नवी मुंबईहून निघणाऱ्याकडून ६२० रुपये, असे दर विमानतळ आर्थिक नियामक प्राधिकरणाने २०२५ मध्ये मंजूर केले होते. त्यांपैकी नवी मुंबईचे दर तात्पुरते होते. या तफावतीला लूट म्हणून मोकळे होणे सोपे आहे, परंतु हे आकडे कसे निघतात ते पाहिल्याशिवाय आक्षेप नेमका कशावर घ्यायचा हे कळत नाही.

प्राधिकरण पाच वर्षांचा कालखंड धरून हिशेब मांडते. मुंबईसाठी सध्याचा कालखंड एप्रिल २०२४ ते मार्च २०२९ असा आहे. विमानतळात गुंतलेल्या भांडवलावरील परतावा, घसारा, देखभाल व चालवण्याचा खर्च आणि कर यांची बेरीज करून तीतून दुकाने, वाहनतळ, जाहिराती अशा उत्पन्नाचा ३० टक्के भाग वजा केला जातो. उरलेली रक्कम विमान कंपन्यांकडून विमान उतरवण्याच्या व पार्किंगच्या शुल्कातून आणि प्रवाशांकडून वसूल करायची असते. समजा, प्रवाशांच्या वाट्याला पाच वर्षांत ५,००० कोटी रुपये आले. प्रवासी २५ कोटी धरले तर माणशी २०० रुपये पडतात, २० कोटी धरले तर २५०. खर्चाच्या एकेका कलमावर पानेच्या पाने वाद होतो, पण हा भाजक, म्हणजे प्रवासीसंख्येचा अंदाज, बहुधा एका तक्त्यात उरकतो.

अंदाज चुकला तर काय होते, हा कळीचा मुद्दा आहे. प्रत्यक्षात प्रवासी कमी आले तर राहिलेली वसुली पुढच्या कालखंडात मिळवली जाते, आणि तीही मधल्या काळाच्या परताव्यासह. करोनाकाळात विमानतळ ओस पडले तेव्हाची तूट अशीच पुढच्या प्रवाशांच्या अंगावर आली. जास्त प्रवासी आले तर उलट समायोजन होते, हे मान्य. तोवर मात्र जास्तीचा पैसा चालक कंपनीच्या हाती खेळतो. अशा व्यवस्थेत प्रवासीसंख्या हात राखून सांगण्यात कंपनीचे काहीच बिघडत नाही. छाननीने फरक पडतो, हेही खरे: मुंबईसाठी प्रस्ताव ३२५ रुपयांचा होता, अंतिम आदेशात तो १७५ वर आला.

मुंबई परिसरात ही बाब अधिक नाजूक आहे, कारण दोन्ही विमानतळ एकाच समूहाकडे आहेत. नवी मुंबईच्या कंपनीत ७४ टक्के हिस्सा मुंबई विमानतळ कंपनीचा आणि २६ टक्के सिडकोचा आहे. मुंबईचे पहिले टर्मिनल पाडून नव्याने बांधायचे आहे. त्या काळात उड्डाणे कुठे आणि कधी वळवायची, यात या समूहाचा शब्द वजनदार राहणार. मुंबईच्या हिशेबात ‘प्रवासी तिकडे जातील’ असे मांडले आणि नवी मुंबईच्या हिशेबात ‘सुरुवातीला कमी येतील’ असे मांडले, तर दोन्हीकडे भाजक लहान होतो. असे घडले आहे, असा माझा आरोप नाही. पण सुनावण्या वेगवेगळ्या असल्या की असे घडले तरी ते कोणाच्या लक्षात येणार नाही. (गोव्यात जानेवारी २०२३ पासून मोपा आणि दाबोळी हे प्रवासी वाटून घेत आहेत, पण तेथे चालक तरी वेगळे आहेत.)

म्हणून दोन्ही विमानतळांचे प्रवासी अंदाज एकाच तक्त्यात, एकाच गृहीतकांवर मांडून त्यांवर संयुक्त सुनावणी व्हावी, आणि दरवर्षी अंदाज व प्रत्यक्ष आकडे शेजारी-शेजारी प्रसिद्ध व्हावेत. मंजूर बांधकाम वेळेत पूर्ण न झाल्यास प्रकल्प खर्चातून एक टक्का कापण्याची पद्धत प्राधिकरणाने आधीच रूढ केली आहे. त्याच धर्तीवर, महासाथीसारखी आपत्ती वगळून, अंदाज ठरावीक मर्यादेपलीकडे चुकला तर त्या तुटीचा काही भाग कंपनीनेही सोसावा. जोखीम वाढली की कंपनी जादा परतावा मागेल, असे यावर म्हटले जाईल. परंतु प्रवासीसंख्येची जोखीम पुढच्या प्रवाशावर ढकलता येत असताना भागभांडवलावरचा परतावा मात्र जोखमीच्या धंद्यासारखा ठरवायचा, हे माझ्या हिशेबी मनाला पटत नाही.

दर ठरवण्याआधी हरकती मागवण्यासाठी प्राधिकरण काढते त्या शेकडो पानांच्या इंग्रजी सल्लामसलत पत्रासोबत चार पानांचा मराठी गोषवारा दिला, तर ज्यांच्या खिशातून हे शुल्क जाते त्यांनाही मुदतीत हरकत नोंदवता येईल.

– एक निवृत्त परिव्यय लेखापाल, ठाणे