चाळीस मिनिटांचं दोतोन्बोरी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला ओसाकावरचा लेख वाचला. लेख चांगला आहे, खाण्यापिण्याचा भाग तर फारच. पण शेवटी ‘मनोरंजनाची ठिकाणं’ म्हणून जी चौकट दिली आहे, तिच्यात थीम पार्क, मत्स्यालय, त्याशेजारचा आकाशपाळणा आणि दोतोन्बोरी या कालव्याकाठच्या गजबजलेल्या भागात धावपटूच्या जाहिरातीच्या पाटीसमोर फोटो, एवढंच आहे. आणि सर्वांत खाली एक ओळ: पारंपरिक बाहुल्यांचे खेळ असतात, ते लहान मुलांना आवडतील. त्या ओळीसाठी हे पत्र.

मी चौतीस वर्षं नाटकांचं नेपथ्य लावलं. फ्लॅट (रंगवलेल्या भिंती) उभे केले, लेव्हली (लाकडी चौथरे) वाहिल्या, विंगेत उभं राहून तिसऱ्या घंटेची वाट पाहिली. लेखक-नट वगैरे काही नाही. निवृत्त झाल्यावर पहिल्यांदा जपानला गेलो तो एका यात्रा कंपनीबरोबर. (कंपनीचं नाव कशाला, सगळ्या सारख्याच.) ओसाकात संध्याकाळी बस थांबली. ‘चाळीस मिनिटं, पुलावर फोटो काढा, काहीतरी खा आणि इथेच परत या,’ असं आमच्या गाइडनं सांगितलं. आम्ही एबिसुबाशी पुलावर उभे राहिलो, त्या पळणाऱ्या माणसासारखे हात वर केले, फोटो काढले. ती पाटी पहिल्यांदा 1935 साली लागली, आत्ताची सहावी आहे, हेही तिथेच कळलं. ऑक्टोपसचे गरम गोळे खाऊन जीभ भाजून घेतली आणि बसमध्ये येऊन बसलो. कालव्याकाठच्या रस्त्यावर एक जुनी मोठी कमान असलेली इमारत होती, तिच्याकडे पाठ करून आम्ही सगळे उभे होतो. ते नाट्यगृह होतं, 1923 सालचं शोचिकुझा. चौतीस वर्षं नाट्यगृहात काढलेल्या माणसाला कुणी सांगितलं नाही, आणि त्यालाही वर मान करून बघावंसं वाटलं नाही. याची लाज मला आजही वाटते.

पुढच्या वर्षी मुलगी नोकरीनिमित्त तिकडे गेली आणि मी तिच्याकडे पाच आठवडे राहिलो. तेव्हा कळलं की दोतोन्बोरी हा मुळात नाटकांचा रस्ता. कालवा 1615 साली पुरा झाला आणि थोड्याच वर्षांत त्याच्या काठावर नाट्यगृहं उभी राहिली. नानिवाझा, नाकाझा, काडोझा, आसाहीझा, बेंतेनझा अशा पाच मोठ्या थिएटरांची रांग होती, त्यांची नावं तिकडचे म्हातारे अजून एका दमात म्हणतात. आणि माझ्या धंद्यातल्या माणसानं टोपी काढावी अशी गोष्ट: फिरता रंगमंच या रस्त्यावर जन्मला. 1758 साली, काडोच्या थिएटरात, नामिकी शोझो नावाच्या नाटककारानं तो काढला. माणसं रंगमंचाच्या पोटात उतरून तो हातांनी ढकलत. काबुकी या त्यांच्या जुन्या नाट्यप्रकारात रंगमंचाखालच्या त्या अंधाऱ्या जागेला नाराकू म्हणतात. शब्द कुठला? आपलाच, नरक. बौद्ध ग्रंथांबरोबर तिकडे गेला आणि थिएटरच्या तळघरात जाऊन बसला. मीही अशा तळघरांत घाम गाळला आहे, नाव अगदी योग्य आहे.

आता त्या बाहुल्यांविषयी. त्या खेळाचं नाव बुनराकू, आणि त्याचं राष्ट्रीय नाट्यगृह निप्पोम्बाशीला आहे, 1984 साली उघडलेलं. जिथे आमची बस थांबली तिथून पायी दहा-पंधरा मिनिटं. मी गेलो तेव्हा ‘सोनेझाकी शिन्जू’ होतं. चिकामात्सु मोन्झाएमोननं हे 1703 साली लिहिलं, ओसाकात महिन्याभरापूर्वी खरंच घडलेल्या घटनेवर. सोयासॉसच्या दुकानातला नोकर तोकुबेई आणि कोठीवरची ओहात्सु, दोघं एकमेकांबरोबर मरतात. खेळ इतका गाजला आणि त्याच्यामागून अशा नाटकांची अशी लाट आली, की वीस वर्षांनी सरकारनं प्रेमिकांच्या आत्महत्येवरच्या नाटकांवर बंदीच घातली. लहान मुलांना आवडेल म्हणता?

एका बाहुलीला तीन माणसं. मुख्य माणूस डोकं आणि उजवा हात चालवतो, दुसरा डावा हात, तिसरा पाय. शिकताना पायावर दहा वर्षं, डाव्या हातावर दहा वर्षं, असा तिकडचा हिशेब. माझी नजर मात्र बाहुलीआधी पायाखाली गेली. मुख्य माणूस उंच लाकडी खडावांवर उभा असतो, म्हणजे बाकीच्या दोघांना वाकायला जागा मिळते, आणि त्या खडावांच्या तळाला गवताची चप्पल शिवलेली असते, चालताना आवाज होऊ नये म्हणून. आम्ही लेव्हलीखाली गोणपाट घालायचो ते यासाठीच. शिवाय ते उभे असतात ती जागा रंगमंचापेक्षा खाली खोदलेली असते आणि पुढे आडव्या फळ्या लावलेल्या, त्यामुळे बाहुलीचे पाय जमिनीवर चालल्यासारखे दिसतात. एवढा साधा उपाय! मी पंधरा मिनिटं गोष्ट सोडून फळ्याच बघत होतो.

मग उजव्या बाजूच्या ओट्यावर तायू, म्हणजे गोष्ट गाऊन सांगणारा, येऊन बसला. येऊन म्हणजे काय, ओटाच गर्रकन फिरला आणि तो शामिसेन हे तीन तारांचं वाद्य वाजवणाऱ्यासकट समोर आला. काळ्या कपड्यातल्या माणसानं ‘तोझाई’ अशी आरोळी देऊन दोघांची नावं सांगितली. तोझाई म्हणजे पूर्व-पश्चिम, चारी दिशांनी ऐका. तायूनं पोथी दोन्ही हातांनी कपाळाला लावली आणि सुरुवात केली. बाप्ये, बाया, म्हातारे, निवेदक, सगळे आवाज त्या एकट्याचे. पोटातून आवाज निघावा म्हणून तो कमरेशी वाळू भरलेली पिशवी खोचतो. रडला तेव्हा घशाच्या शिरा मला लांबून दिसल्या. कीर्तन ऐकत मोठ्या झालेल्या माणसाला त्याची भाषा कळायची गरज पडत नाही.

आणि तो प्रसंग. ओहात्सु ओसरीवर बसली आहे, तोकुबेई खाली तिच्या कपड्यांच्या घोळात लपलाय. वर त्याचा वैरी त्याची निंदा करतोय. ती स्वतःशीच बोलल्यासारखं बोलत पायानं त्याला विचारते, मरायची तयारी आहे का? तो तिचं पाऊल धरून आपल्या गळ्यावरून फिरवतो. बुनराकूतल्या बाईच्या बाहुलीला एरवी पाय नसतातच, पायवाला माणूस किमोनोच्या कडेनं चालल्याचा भास करतो. या एका प्रसंगासाठी तिला पाऊल मिळतं. एवढंसं पांढरं लाकडी पाऊल. माझ्या शेजारची बाई रुमाल शोधत होती. मुलीनं मला विचारलं, बाबा, ठीक आहात ना?

तिकिटाचं सांगतो, कारण ‘आपल्याला काय कळणार आणि चार तास कोण बसणार’ हे मलाही वाटलं होतं. त्या नाट्यगृहात एकाच अंकाचं तिकीट मिळतं, खिडकीवर, पूर्ण प्रयोगापेक्षा बरंच कमी पैशात. इंग्रजीत गोष्ट सांगणारं कानात घालायचं यंत्र भाड्यानं मिळतं. शब्द रंगमंचाच्या वर जपानीत उमटतात. ओसाकाच्या ज्या थीम पार्कची चौकटीत पहिली नोंद आहे, त्याचं एका दिवसाचं तिकीट आठ हजार येनच्या वर आहे, आणि रांग टाळायची तर गर्दीच्या दिवशी आणखी तेवढेच किंवा जास्त. नातवंडं असतील तर जरूर जा, मीही गेलो, पाय दुखले.

भाषेचा प्रश्न राकुगोला, म्हणजे एकट्यानं बसून विनोदी गोष्ट सांगण्याच्या खेळाला, जास्त येईल असं वाटलं होतं. तेम्मा भागात हान्जोतेई म्हणून छोटं थिएटर आहे, 2006 साली उघडलं. ओसाकात युद्धानंतर साठ वर्षं राकुगोचं स्वतःचं कायमचं थिएटरच नव्हतं, तिथल्या कलावंतांनी लोकांकडून वर्गणी काढून हे उभं केलं आणि देणगीदारांच्या नावांचे कंदील छताला टांगले. एक माणूस उशीवर बसतो, समोर छोटं मेज, हातात पंखा आणि एक रुमाल, बस्स. पंख्याच्या काड्या करून त्यानं नूडल्स खाल्ल्या, आणि त्या सुर्र आवाजाला मला खरोखर भूक लागली. नेपथ्यासाठी ट्रक भरणाऱ्या माणसानं हे पाहून काय समजायचं?

नाम्बाला योशिमोतो या विनोदी खेळांच्या कंपनीचं ग्रँड कागेत्सु थिएटर आहे, तिथे मान्झाई म्हणजे दोघांची जुगलबंदी आणि नंतर विनोदी नाटक. शब्द निम्मे गेले डोक्यावरून. पण कुणी फालतू विनोद केला की रंगमंचावरची सगळी माणसं एकदम धाडकन आडवी होतात, तेवढ्यासाठी पैसे वसूल. मार्चमध्ये गेलात तर तिथून जवळच पंधरा दिवस सुमो असतं.

सगळ्यात शेवटी शिन्सेकाई. लोक तिथे त्सुतेन्काकू मनोरा बघायला जातात. पहिला 1912 चा, युद्धात गेला, आत्ताचा 1956 चा, शंभरेक मीटर. मनोऱ्याच्या पायथ्याच्या गल्ल्यांत फिरत्या मंडळ्यांची छोटी थिएटरं आहेत, तिकडे मात्र परदेशी माणूस क्वचित. मंडळी म्हणजे बहुधा एक कुटुंबच. महिनाभर मुक्काम, रोज वेगळं नाटक, मग नाचगाणं. आपल्या तमाशाच्या फडात वाढलेल्या माणसाला घरी आल्यासारखं वाटेल. पुढच्या रांगेतल्या आज्जीबाईंनी दहा हजार येनची नोट नटाच्या किमोनोच्या गळपट्टीला चिमट्यानं अडकवली, तेव्हा मी मुलीला म्हटलं, ही दौलतजादाच की! खेळ संपल्यावर सगळी मंडळी रंग न उतरवता दारात उभी राहिली, प्रत्येक प्रेक्षकाचा निरोप घ्यायला. राणीच्या वेशातल्या पोराला मी खुणेनं सांगितलं की मीही थिएटरवाला, हातोडा मारायची खूण केली. त्यानं आत हाक मारून त्यांच्या सुताराला बाहेर बोलावलं. आम्ही दोघांनी एकमेकांचे तळहात बघितले.

तेव्हा संपादक महाशय, विनंती एवढीच, की पुढच्या वेळी चौकट छापाल तेव्हा थिएटरांना दोन ओळी द्या आणि यात्रा कंपन्यांच्या जाहिराती देणाऱ्यांनाही सांगा की दोतोन्बोरीच्या फेरीत एक अंक बघण्याइतका वेळ काढता येतो. मात्र बुनराकू ओसाकात बारा महिने नसतं. जानेवारी, एप्रिल, उन्हाळा आणि नोव्हेंबरमध्ये मोठे प्रयोग असतात, तारखा बघूनच विमानाचं तिकीट काढावं. मी आता पुन्हा एप्रिलमध्ये जाऊन आलो. ओळखीचे सगळे विचारतात, साकुरा, म्हणजे चेरीचा बहर, पाहिला का? पाहिला. निप्पोम्बाशीला जाताना वाटेत एक झाड होतं.

आपला नम्र,
एक निवृत्त नेपथ्य कामगार