डांबराच्या गोळ्या का नाहीत?

ती. आई-बाबांस, सा. न.

जयपूरच्या अल्बर्ट हॉल संग्रहालयातली तुतू नावाच्या प्राचीन इजिप्शियन स्त्रीची ममी पाहून आईने विचारलंय, पेटीत डांबराच्या गोळ्या का ठेवत नाहीत? आई, गोळ्यांची वाफ गार जागी पुन्हा स्फटिक होऊन चिकटते. शिवाय कीड मेली तरी खरा वैरी उरतोच: दमट हवा.

शव सुकवायला वापरलेला नेट्रॉन नावाचा खार कातडीत उरलेला असतो. दमटपणात तो विरघळतो, हवा सुकली की पुन्हा खडा धरतो आणि दर वेळी कातडी आतून उकलते. म्हणून आर्द्रता ४० ते ५० टक्के ठेवायची आणि मुख्य म्हणजे हलू द्यायची नाही. ६५ च्या वर बुरशी येते, फार उतरली तर कापडाच्या पट्ट्या तुटतात.

कैरोच्या शाही ममींसाठी अमेरिकेतल्या गेटी संस्थेने हवेऐवजी नायट्रोजन भरलेली सीलबंद पेटी घडवली, ऑक्सिजन २ टक्क्यांखाली. बाबा, मेख अशी की सिलिंडरमधला नायट्रोजन ठणठणीत कोरडा असतो. तसाच सोडला तर कातडी आक्रसते. म्हणून निम्मा वायू पाण्यातून बुडबुडत नेऊन उरलेल्या कोरड्या वायूत मिसळतात. दुसरी मेख उष्म्याची. तापमान १० अंश चढलं की १००० लिटर वायू साधारण ३३ लिटरने फुगतो आणि सांधे ताणतो. त्यासाठी भाता जोडतात, अगदी आपल्या बाजाच्या पेटीसारखा!

पण २ टक्क्यांवर कीड मरेलच असं नाही. ममीखाली पिठासारखा भुगा दिसला, म्हणजे कीड लागलेली असली, तर ऑक्सिजन ०.३ टक्क्यांखाली आणून २५ अंशांवर तीनेक आठवडे ठेवावं लागतं.

धूळ मऊ ब्रशनेच काढायची, पाणी अजिबात नाही. पूर्वी संग्रहालयांत वस्तूंवर आर्सेनिक आणि पाऱ्याचे क्षार शिंपडत, तेव्हा हातमोजे ममीपेक्षा आपल्याच जिवासाठी.

ऑगस्ट २०२० च्या पावसात अल्बर्ट हॉलमध्ये पाणी शिरलं, तेव्हा काच फोडून तुतूला बाहेर काढावं लागलं. माझ्या मते पेटी कितीही घट्ट असो, ती झटकन उघडायची सोय हवी आणि ममीखाली पाठभर फळी आधीच सरकवलेली हवी. नाहीतर घाईत लोक डोकं आणि पाय धरून उचलतात, आणि ती कमरेत मोडते.

तुमची,
मीनू